ल्युकेमियातून वाचलेल्या मुलांचा तोल: बालकर्करोग विभागांच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या विभागांचे प्रमुख, रुग्णालयांची व्यवस्थापन मंडळे आणि या विभागांना मनुष्यबळ व निधी मंजूर करणारे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलीवर ज्या रुग्णालयात ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, उपचार झाले, तेथील फिजिओथेरपीच्या खोलीच्या दारावर गेल्या महिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. ल्युकेमियाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा भरणारा तोलाच्या व्यायामाचा वर्ग बंद करण्यात आला असून ती जागा अन्य कामासाठी देण्यात येत आहे, अत्यावश्यक नसलेल्या सेवांबाबत झालेल्या निर्णयानुसार ही कार्यवाही आहे, एवढाच मजकूर त्यावर होता. खाली सही होती, पण शंका असल्यास कोणाला विचारावे याचा उल्लेख नव्हता. मी दोनदा लेखी विचारणा केली. उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आमच्याकडे हा वर्ग काही वर्षे तरी चालला. उपचारांच्या काळात जे इतर पालक भेटले, त्यांच्यापैकी ज्यांची मुले अन्यत्र उपचार घेत होती, त्यांतील बहुतेकांनी असा वर्ग पाहिलेलाही नव्हता. त्यामुळे हा प्रश्न एका दारावरच्या एका कागदापुरता नाही. माझा आक्षेप ‘अत्यावश्यक नसलेली’ या शब्दांना आहे, आणि तो का आहे हे सविस्तर सांगणे मला भाग आहे.

त्याआधी एक ऋण मान्य करतो. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि दोन ते पाच या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. १९४८ साली सिडनी फार्बर या डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन या औषधाने या आजाराला काही काळ आवर घालता येतो हे दाखवले, तोवर हे निदान म्हणजे मृत्यूचीच बातमी होती. आज जेथे उपचारांची पुरेशी सोय आहे, तेथे दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. माझी मुलगी त्या नऊ जणांपैकी एक आहे. चौथ्या वर्षी निदान झाले, अडीच वर्षे उपचार चालले, आता ती आठ वर्षांची आहे. तुमच्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिच्यासाठी जे केले त्याबद्दल आमच्या घरात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नाही. हे पत्रही त्याच भावनेतून लिहिले आहे, कारण जी मुले तुम्ही वाचवलीत त्यांच्याच पायांविषयी ते आहे.

माणूस सरळ उभा राहतो तेव्हा मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर मिळत असते: डोळ्यांकडून, अंतर्कर्णाकडून आणि तळपाय व घोट्यांतील संवेदनांकडून. मेंदू, विशेषतः लहान मेंदू, या तिन्ही खबरींचा मेळ घालतो आणि घोटा, गुडघा व कंबर यांच्या स्नायूंना क्षणाक्षणाला हुकूम देतो. ल्युकेमियाचे उपचार या साखळीच्या जवळजवळ प्रत्येक कडीपर्यंत पोहोचतात. सदाफुलीच्या झाडापासून मिळणारे आणि १९६३ पासून मान्यताप्राप्त असलेले व्हिंक्रिस्टीन हे औषध पेशींमधील ज्या सूक्ष्म नलिकांना बांधून टाकून कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबवते, त्याच प्रकारच्या नलिकांवरून मज्जातंतूंच्या आत टोकापर्यंत रसद पोहोचत असते. मज्जातंतू जितका लांब, तितका त्याला फटका अधिक. म्हणून हात आणि चेहरा यांच्या आधी पाय दुबळे होतात. घोट्याचा रिफ्लेक्स, म्हणजे ठोकताच पाऊल आपोआप हलण्याची क्रिया, जातो, चवडा वर उचलणारे स्नायू थकतात, पाऊल लोंबू लागते, पोटरी आखडते आणि तळव्यांकडून येणारी खबर पुसट होते. स्टेरॉईडमुळे मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. मेथोट्रेक्सेट हे औषध पाठीच्या कण्यातून दिले जाते तेव्हा काही मुलांत त्याचा परिणाम मेंदूवर दिसतो. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला, तर द्याव्या लागणाऱ्या प्रतिजैविकांपैकी अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी काही औषधे अंतर्कर्णातील तोलाच्या यंत्रणेला इजा करू शकतात. आणि या सर्वांच्या वर अंथरुणात, एका खोलीत, सलाईनला बांधलेल्या अवस्थेत गेलेले आठवडे असतात, तेही ज्या वयात मूल धावायला, उडी मारायला, एका पायावर लंगडी घालायला शिकते त्याच वयात.

ही औषधे देऊ नयेत असे मी म्हणत नाही. त्यांच्यावाचून माझी मुलगी आज नसती. परंतु ज्या उपचाराने हे नुकसान होते, त्या नुकसानाची भरपाईही त्याच उपचाराचा भाग मानली पाहिजे, हे माझे एकच म्हणणे आहे आणि पुढचे सगळे त्याच्याच आधाराने लिहितो.

आमच्या घरी हे नुकसान प्रथम कानांना कळले. पहिल्या टप्प्यात आठवड्याला एक याप्रमाणे व्हिंक्रिस्टीनचे चार डोस झाले, त्यानंतर काही दिवसांनी मुलगी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना फरशीवर थप, थप असा आवाज येऊ लागला. टाच टेकल्यावर चवडा अलगद उतरायचा, तो एकदम आपटत होता. तिच्या बुटांची टोके झिजली आणि टाचा मात्र नव्यासारख्या राहिल्या. ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कठडा दोन्ही हातांनी धरू लागली, आणि सपाट जमिनीवरही ‘उचलून घे’ म्हणू लागली. आम्हाला वाटले की आजारपणाने लाडावली आहे. एक-दोनदा मी तिच्यावर रागावलोही. चार वर्षांच्या मुलीला ‘माझ्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही’ असे वाक्य बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळले नाही, आणि कळवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनीही कळवले नाही.

माझी पहिली तक्रार हीच आहे. उपचारांच्या अडीच वर्षांत तिच्या रक्ताचे काउंट किती वेळा पाहिले गेले याची मोजदाद करणे मला शक्य नाही. पण पहिली दोन वर्षे तिचा घोटा किती वर वळतो, ती एका पायावर किती सेकंद उभी राहते, टाचांवर चालू शकते का, हे एकदाही कोणी पाहिले नाही. मी जेव्हा आवाजाविषयी सांगितले, तेव्हा ‘औषध थांबले की होईल ठीक’ असे उत्तर मिळाले. काही मुलांत खरोखरच बरीच सुधारणा आपोआप होते, हे मी मान्य करतो. परंतु कोणत्या मुलात होईल आणि कोणत्या मुलात नाही, हे मोजल्याशिवाय कसे समजणार? उपचार संपून वर्षे लोटल्यानंतरही अनेक मुलांत, आणि पुढे प्रौढ वयातही, तोलातील उणीव शिल्लक राहते हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. मोजण्याला महागडे यंत्र लागते असेही नाही. एक कोनमापक, एक स्टॉपवॉच, फरशीवरची एक सरळ रेघ आणि एक ट्यूनिंग फोर्क (वाजवल्यावर कंप पावणारा धातूचा दुबेळका) एवढ्यावर सुरुवात होते. मुलांसाठी तयार केलेल्या तोलाच्या चाचण्या उपलब्ध आहेत. चौदा कृतींची आणि ५६ गुणांची बालकांसाठीची तोल-मापनपट्टी हे त्यांपैकी एक उदाहरण.

ट्यूनिंग फोर्कचा प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. मेंटेनन्सचा, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा संपत आला असताना एका तरुण डॉक्टरने मुलीची चाल पाहिली आणि स्वतःहून आम्हाला फिजिओच्या खोलीत पाठवले. तेथील थेरपिस्टबाईंनी ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला, माझे बोट त्याच अंगठ्याच्या खालून लावायला सांगितले आणि तिला म्हणाल्या, “गुणगुण थांबली की सांग हं.” ती लगेच म्हणाली, “थांबली.” माझ्या बोटाला मात्र ते कंपन तिच्याच अंगठ्यातून अजून जाणवत होते, आणि नंतरही बराच वेळ जाणवत राहिले. तिच्या पायात जे नव्हते ते मला माझ्या बोटावर कळले. मग त्यांनी तिला पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. दोन सेकंदांत ती बाजूला कलली. केस धुताना डोळ्यांवर पाणी आले की ती किंचाळून माझ्या आईला का मिठी मारत असे, याचा उलगडा त्या क्षणी झाला. तिचे पाय जी खबर देत नव्हते, ती कसर ती डोळ्यांनी भरून काढत होती; डोळे मिटले की तिच्याजवळ काहीच उरत नव्हते. दोन वर्षे आम्ही त्याला पाण्याची भीती समजत होतो.

दुसरी तक्रार माहितीविषयी. उपचार सुरू होताना आम्ही ज्या संमतिपत्रावर सही केली, त्यात केस गळणे, जंतुसंसर्ग, उलट्या, यकृतावरील परिणाम अशी लांबलचक यादी होती. मज्जातंतूंना इजा होऊ शकते असा एक शब्द त्यात असेलही. पण त्याचा अर्थ चालण्यात, जिन्यात, खेळण्यात कसा दिसतो आणि दिसला तर काय करावे, हे कोणी सांगितले नाही. उलट एकच सल्ला सर्वांकडून मिळत गेला: जपा, पडू देऊ नका. प्लेटलेट फार कमी असताना, ताप असताना, नुकतीच पाठीतून सुई झाली असताना किंवा हाडांत दुखत असताना व्यायाम थांबवावा किंवा बदलावा लागतो हे खरे आहे, आणि त्याचे नियम थेरपिस्टला ठाऊक असतात. पण त्या दिवसांचा नियम सगळ्याच दिवसांना लावला गेला. जपण्याच्या नादात आम्ही तिला दोन वर्षे हलूच दिले नाही, आणि आधीच दुबळे झालेले पाय बसून राहिल्याने आणखी दुबळे झाले. मुलांच्या कर्करोगातील व्यायामाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०२१ साली प्रसिद्ध झाली. कर्करोग झालेल्या प्रत्येक मुलाला हालचालीचा लाभ आहे आणि जमेल तेव्हा, जमेल तितकी हालचाल त्याने करावी, हा त्यांचा गाभा आहे. हे एक वाक्य जरी पहिल्या आठवड्यात आमच्यापर्यंत पोहोचले असते, तरी पुष्कळ फरक पडला असता.

तिसऱ्या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण वर्ग बंद करताना ‘घरी करण्याचे व्यायाम’ असा एक छापील कागद पर्याय म्हणून देण्यात येत आहे, आणि त्याने काम भागते असा समज दिसतो.

त्या खोलीत प्रत्यक्षात काय चालत असे, हे निर्णय घेणाऱ्यांनी एकदा तरी बसून पाहायला हवे होते. फरशीवर निळ्या टेपची एक रेघ होती. सुरुवातीला मुलगी पाय फाकवून रेघेच्या दोन्ही बाजूंना पावले टाकत असे. मग पावले जवळ आली, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून ती त्या रेघेवरून चालू लागली, सुरुवातीला थेरपिस्टचे एक बोट धरून आणि नंतर मोकळी. कडक फरशी जमली की मऊ फोमची गादी येई, कारण फोमवर तळव्यांची खबर आणखी पुसट होते आणि घोट्यांना व अंतर्कर्णाला जास्त काम करावे लागते. उघड्या डोळ्यांनी जमले की डोळे मिटायचे. स्थिर उभे राहणे जमले की चेंडू झेलायचा, तेही जमले की चेंडू झेलता झेलता उलटे आकडे म्हणायचे, कारण शाळेच्या गर्दीत तोल सांभाळताना मुलाचे लक्ष पायांकडे नसते. प्रत्येक वेळी काम इतकेच अवघड ठेवले जाई की ती डगमगेल पण घाबरणार नाही. याच्या जोडीला पोटरीला ताण देणे, रबरी पट्टा चवड्याला लावून तो वर ओढणे, बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठणे, हे असे. ही पायरी कधी चढवायची आणि कधी उतरवायची, हेच त्या विद्येचे मर्म आहे, आणि ते छापील कागदावर येत नाही. कागदावर ‘एका पायावर उभे राहणे, दहा वेळा’ असे लिहिलेले असते. माझी मुलगी तेव्हा एका पायावर एक सेकंदही उभी राहू शकत नव्हती. दहा वेळा पडणे एवढाच तिच्यापुरता त्याचा अर्थ होता, आणि तिसऱ्या दिवशी तिने तो कागद टेबलाखाली लपवला.

पुराव्याविषयी मी काही लपवू इच्छित नाही. मुलांच्या कर्करोगातील व्यायामाचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात) असे सहा अभ्यास आणि त्यांतील सर्व मिळून १७१ मुले एवढीच सामग्री होती, आणि ती सर्व मुले याच ल्युकेमियाची होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८ मुलांच्या अभ्यासात थेरपिस्टच्या मोजक्या भेटी आणि आखून दिलेले घरचे व्यायाम यांमुळे चार महिन्यांत घोटा वर उचलण्याची क्षमता आणि गुडघ्याची ताकद वाढलेली दिसली. याउलट नेदरलँड्समधील ५१ मुलांच्या, २००९ सालच्या चाचणीत व्यायाम कार्यक्रमाचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. ही दुसरी चाचणी व्यायामाविरुद्धचा पुरावा म्हणून दाखवली जाते. पण त्या कार्यक्रमाचा मोठा भार घरी दररोज करायच्या व्यायामांवर होता, आणि दोन वर्षांच्या उपचारांनी दमलेल्या घरांत ते नेमाने होणे किती कठीण आहे, हे मी त्या अवस्थेतून गेलेला बाप म्हणून सांगू शकतो. म्हणजे आपण ज्या छापील कागदावर सगळे सोपवू पाहत आहात, त्याच्याविषयीच शंका घ्यायला तेथे जागा आहे. आणि पुरावा थोडा आहे म्हणून वर्ग बंद करायचे ठरवले, तर तो वाढणार कुठून? त्या खोलीत दर महिन्याला मोजलेले आकडे एका वहीत लिहिले जात होते. ती वही आता कोणाकडे आहे, हेही मला कळलेले नाही.

आमच्या मुलीपुरते सांगायचे तर सात महिन्यांच्या वर्गानंतर ती डोळे मिटून वीस सेकंद उभी राहू लागली आणि थप थप आवाज जवळपास गेला. यात औषध बंद झाल्याचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे एका मुलीवरून सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. मज्जातंतू सावकाश भरतात आणि तोवर जी संवेदना शिल्लक आहे तिच्यावर भागवायला मेंदूला शिकावे लागते. ते शिक्षण पुन्हा पुन्हा केल्याने होते, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

वर्गाचा आणखी एक उपयोग होता, जो कोणत्याही अहवालात आलेला नाही. तिच्याबरोबर येणारा तेरा वर्षांचा एक मुलगा एके दिवशी डाव्या पायावर उभा राहायला तयार होईना. त्याने घरी काही सांगितले नव्हते. थेरपिस्टबाईंनी त्याचा खुबा हळूच वळवून पाहिला, व्यायाम तिथेच थांबवला आणि डॉक्टरांना कळवले. एमआरआयमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे दिसले. स्टेरॉईडमुळे, विशेषतः दहा वर्षांवरील मुलांत, असे होऊ शकते हे तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्याच्या पायांकडे पाहत होते म्हणून ते वेळेत सापडले. तो मुलगा आता कुठे जाणार आहे?

चौथी तक्रार उपचार संपण्याच्या दिवसाविषयी आहे. त्या दिवशी आनंद असतो, फोटो काढले जातात, आणि त्यानंतर फक्त रक्त तपासण्यासाठी बोलावले जाते. परंतु मूल नेमके त्यानंतरच शाळेत परतते, जेथे जिने आहेत, धक्काबुक्की आहे, खेळाचा तास आहे. आमच्या मुलीच्या शिक्षकांना तिच्या आजाराचे नाव माहीत होते, पण तिच्या पायांविषयी रुग्णालयाकडून एक ओळही गेली नव्हती. परिणामी तिला खेळाच्या तासाला झाडाखाली बसवून ठेवले गेले. कोणी निर्दयपणे नव्हे, काळजीपोटीच. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी असे सांगते. माझी मुलगी त्या वर्षी बहुधा सहा मिनिटेही हलली नसेल. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम २४ मध्ये आजारावरील उपचार आणि आरोग्याचे पुनर्वसन ही दोन्ही एकाच वाक्यात, शेजारी शेजारी आहेत, आणि कलम ३१ मध्ये खेळण्याचा हक्क आहे. उपचार अत्यावश्यक आणि पुनर्वसन ऐच्छिक असा भेद त्या करारात केलेला मला आढळला नाही.

जागेची आणि माणसांची टंचाई मला कळते. ज्या वॉर्डात एका खाटेसाठी तीन मुले वाट पाहत असतात, तेथे रिकामी दिसणारी खोली डोळ्यांत येणारच. तरीही मी म्हणेन की केमोचा एखादा डोस ‘अत्यावश्यक नाही’ म्हणून कोणी परस्पर रद्द करू शकत नाही, कारण तो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे उपचारांच्या ठरलेल्या लेखी आराखड्यात, लिहिलेला असतो. तोलाचा व्यायाम रद्द करता आला, कारण तो कुठेही लिहिलेला नव्हता. तो एका थेरपिस्टच्या आस्थेवर आणि एका रिकाम्या खोलीवर चालला होता. माझ्या मागण्या त्यामुळेच मुख्यतः लिहून ठेवण्याविषयी आहेत.

बंद केलेला वर्ग येत्या तीन महिन्यांत, त्याच खोलीत किंवा तितक्याच आकाराच्या दुसऱ्या जागेत, पुन्हा सुरू करावा, आणि ज्या मुलांचे व्यायाम मध्येच तुटले त्यांना प्रथम बोलवावे.

ल्युकेमियाच्या प्रत्येक मुलाची, त्याची प्रकृती स्थिर होताच, घोटा, पायांची ताकद, संवेदना आणि तोल यांची पहिली मोजणी करून ती त्याच्या मुख्य केसपेपरवर नोंदवावी. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, आणि उपचार संपल्यावर निदान दोन वर्षे दर सहा महिन्यांनी, तीच मोजणी पुन्हा व्हावी. आकडा घसरला तर कोणी काय करायचे हेही ठरलेले असावे: पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंटसाठी (पावलाला आधार देणाऱ्या पट्टीसाठी), खुबा दुखत असेल तर एमआरआयसाठी, चक्कर किंवा ऐकण्याची तक्रार असेल तर कानाच्या तज्ज्ञाकडे. बुरशीविरोधी औषधांपैकी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारखी औषधे व्हिंक्रिस्टीनचा निचरा मंद करून मज्जातंतूंची इजा वाढवतात, हे डॉक्टर जाणतातच. अशा काळात पायांची तपासणी अधिक वेळा व्हावी, एवढे त्यात जोडावे.

व्यायामाची सुरुवात थेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावी आणि घरचे व्यायाम त्या मुलाच्या मोजणीनुसार, बदलत जाणारे असावेत. दूर राहणाऱ्या कुटुंबांना दर आठवड्याला येणे जमणार नाही. त्यांच्यासाठी रक्ततपासणीच्या दिवशीच थेरपिस्टची वेळ ठेवावी आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवरून पाहणी करावी.

संमतिपत्र घेताना चालणे व तोल यांवरील संभाव्य परिणाम पालकांना त्यांच्या भाषेत तोंडी समजावून सांगावेत, आणि थप थप आवाज, सारखे अडखळणे, जिना टाळणे, डोळे मिटल्यावर घाबरणे ही लक्षणे लिहून द्यावीत. मूल शाळेत परतताना ते काय करू शकते, काय जपून करावे आणि काय सध्या करू नये, याचे सहीनिशी पत्र शाळेला द्यावे.

आणि त्या वहीतील नोंदी, मुलांची ओळख उघड न करता, जपून ठेवाव्यात व दरवर्षी प्रसिद्ध कराव्यात.

यांपैकी जे लगेच शक्य नाही ते कधी शक्य होईल, आणि जे मुळीच शक्य नाही ते का नाही, याचे लेखी उत्तर आम्हाला हवे आहे. माझ्या मुलीची पुढची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी आहे. त्या दिवशी मी तिला घेऊन येणारच आहे आणि त्या खोलीच्या दाराशीही जाणार आहे. खोलीत आता कपाटे लावली आहेत, पण दाराच्या फटीतून पाहिले तर निळी रेघ अजून फरशीवर दिसते. ती अद्याप कोणी काढलेली नाही.

आपला विश्वासू,
ल्युकेमियाचे उपचार पूर्ण केलेल्या एका मुलीचा बाप